पार्सल पाठवायचंय, पण खर्च परवडत नाही? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांसाठी टपाल, कुरिअर आणि एसटीचं गणित

उल्हासनगरच्या कॅम्पमध्ये शिवलेली जीन्स नागपूरच्या ग्राहकाला इन्स्टाग्रामवर आवडते. ऑर्डर येते, पैसेही येतात. मग प्रश्न उरतो तो पाठवण्याचा. जीन्सवर सुटणारा नफा शंभर-सव्वाशे रुपये आणि कुरिअरवाला सांगतो त्याच्या आसपासचाच आकडा. बदलापूरमधून घरगुती मसाले विकणाऱ्या महिलांची, अंबरनाथच्या एमआयडीसीतून मशिनचे सुटे भाग पाठवणाऱ्या छोट्या कारखानदारांची आणि गावाकडे आईवडिलांना औषधं पाठवणाऱ्या नोकरदारांचीही हीच अडचण असते.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारला जातो, 'सगळ्यात स्वस्त कुरिअर कोणतं?' पण या प्रश्नाला एकच उत्तर नाही. अर्ध्या किलोच्या पाकिटासाठी जो पर्याय स्वस्त, तोच वीस किलोच्या पोत्यासाठी महाग पडू शकतो. पुण्याला स्वस्त पडणारी कंपनी गडचिरोलीच्या गावाला जादा पैसे मागू शकते. आणि काउंटरवर सांगितलेला दर हा नेहमीच शेवटचा खर्च नसतो.

मग पार्सलचा खर्च ठरतो कसा आणि तो कमी करायचा कसा? सविस्तर समजून घेऊया.

पार्सलचा दर नेमका कशावर ठरतो?

टपाल असो वा खासगी कुरिअर, दर ठरवताना प्रामुख्याने चार गोष्टी बघितल्या जातात. वजन, आकार, अंतर आणि वेग.

यातलं वजन टप्प्यांमध्ये मोजलं जातं. अनेक कंपन्यांचा टप्पा ५०० ग्रॅमचा असतो. म्हणजे पार्सल ४९० ग्रॅमचं असेल तर अर्ध्या किलोचे पैसे, पण ५१० ग्रॅमचं झालं की थेट एक किलोचे. वीस ग्रॅमसाठी ग्राहक पुढच्या टप्प्यात जातो. ही वीस ग्रॅम बहुतेक वेळा वस्तूची नसतात. जाड पुठ्ठा, गरजेपेक्षा जास्त चिकटपट्टी, सोबत टाकलेलं माहितीपत्रक यांची असतात. म्हणून घरी एक साधा डिजिटल काटा असणं ही पार्सल पाठवणाऱ्यासाठी चैन नाही. पॅकिंग पूर्ण झाल्यावर वजन करायचं आणि टप्पा थोडक्यात ओलांडला जात असेल तर पॅकिंग बदलायचं.

अंतराचं गणित सरळ आहे. पार्सल जितकं दूर, तितका दर जास्त. वेगाचंही तसंच. विमानाने जाणारं पार्सल महाग, रस्त्याने जाणारं स्वस्त. खासगी कुरिअरमध्ये याला 'एअर' आणि 'सरफेस' म्हणतात. अनेक काउंटरवर ग्राहकाने विचारलं नाही तर एअरचाच दर सांगितला जातो. पार्सल दोन दिवसांनी उशिरा पोहोचलं तरी चालणार असेल तर 'सरफेसने किती?' हा एक प्रश्न पैसे वाचवून जातो.

उरलेली गोष्ट म्हणजे आकार. सगळ्यात जास्त फटका तिथेच बसतो.

हलकं पार्सलही महाग का पडतं?

ट्रक असो की विमान, त्यात जागा मर्यादित असते. उशी वजनाला हलकी, पण जागा भरपूर खाते. म्हणून कंपन्या पार्सलचं प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांची तुलना करतात आणि जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. या आकारावरून काढलेल्या वजनाला 'व्हॉल्युमेट्रिक' वजन म्हणतात.

ते काढण्याची नेहमीची रीत अशी: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ५,००० ने भागायचं. उत्तर किलोत येतं. काही कंपन्या ५,००० ऐवजी वेगळा आकडा वापरतात, त्यामुळे बुकिंगपूर्वी तो विचारून घ्यावा.

एका जीन्सचं उदाहरण घेऊ. पॅकिंगसह तिचं वजन ६५० ग्रॅम आहे असं समजा.

- ती ४० × ३० × २० सेंटिमीटरच्या खोक्यात भरली तर गुणाकार येतो २४,०००. त्याला ५,००० ने भागलं की ४.८ किलो. म्हणजे पैसे पाच किलोचे.
- तीच जीन्स नीट घडी घालून ३२ × २६ × ५ सेंटिमीटरच्या कुरिअर बॅगेत भरली तर गुणाकार ४,१६०. भागाकार ०.८३ किलो. म्हणजे पैसे एक किलोचे.

वस्तू तीच, पत्ता तोच आणि कंपनीही तीच. फरक फक्त खोक्याचा. कपडे, चादरी, पडदे अशा न फुटणाऱ्या वस्तूंसाठी खोका वापरायची गरजच नसते. प्लॅस्टिकची कुरिअर बॅग पुरते. खोका लागणार असेलच, तर वस्तूच्या मापाचा घ्यावा. मोठ्या खोक्यात कागदाचे बोळे भरून पाठवणं म्हणजे हवेचं भाडं भरणं.

एकाच पत्त्यावर दोन वस्तू जाणार असतील तर त्या एकत्र पाठवणं जवळपास नेहमीच स्वस्त पडतं. कारण पहिल्या टप्प्याचा दर सगळ्यात जास्त असतो आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याचा तुलनेने कमी. दोन वेगळी पार्सलं म्हणजे पहिल्या टप्प्याचे पैसे दोनदा.

टपाल खात्यात काय बदललंय?

घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला असतो, 'रजिस्टर्ड पोस्टाने पाठव, स्वस्त पडेल.' हा सल्ला आता जुना झालाय. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेली स्पीड पोस्ट आता दोन्ही कामं करते. पार्सल किंवा पत्र फक्त संबंधित व्यक्तीच्याच किंवा तिने नेमलेल्या माणसाच्या हाती द्यायचं असेल, तर स्पीड पोस्टवरच 'नोंदणी'ची जोड घेता येते.

त्यानंतर १ ऑक्टोबर २०२५ पासून कागदपत्रांच्या स्पीड पोस्टचे दरही बदलले. त्याआधीची दरवाढ ऑक्टोबर २०१२ मध्ये झाली होती. त्या दिवसापासून लागू झालेले दर असे (यावर १८ टक्के जीएसटी वेगळा):

- ५० ग्रॅमपर्यंत: स्थानिक १९ रुपये, बाकी देशभर कुठेही ४७ रुपये.
- ५१ ते २५० ग्रॅम: स्थानिक २४ रुपये, २०० किलोमीटरपर्यंत ५९, २०१ ते ५०० किलोमीटर ६३, ५०१ ते १,००० किलोमीटर ६८, १,००१ ते २,००० किलोमीटर ७२ आणि त्यापुढे ७७ रुपये.
- २५१ ते ५०० ग्रॅम: स्थानिक २८ रुपये, मग याच क्रमाने ७०, ७५, ८२, ८६ आणि ९३ रुपये.

म्हणजे बदलापूरहून पुण्याला २०० ग्रॅमची कागदपत्रं पाठवली तर ५९ रुपये अधिक जीएसटी, असे ६९ रुपये ६२ पैसे होतात. नागपूरला तीच कागदपत्रं ८० रुपये २४ पैशांत जातात. नोंदणीसाठी ५ रुपये आणि ओटीपी सांगितल्यावरच डिलिव्हरी हवी असेल तर ५ रुपये, दोन्हींवर जीएसटी वेगळा. विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टच्या दरात १० टक्के, तर मोठ्या संख्येने पाठवणाऱ्या नव्या ग्राहकांना ५ टक्के सवलतही याच बदलात जाहीर झाली. कॉलेजचे अर्ज पाठवणाऱ्यांनी काउंटरवर ही सवलत आवर्जून विचारावी.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हे दर कागदपत्रांचे आहेत. कपडे, मसाले, सुटे भाग अशा वस्तूंना पार्सलचा दर लागतो. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर दर काढण्याची सोय आहे. आपला पिनकोड, समोरचा पिनकोड आणि वजन टाकलं की आकडा समोर येतो. घरून निघण्याआधी तो बघितला तर काउंटरवर धक्का बसत नाही. स्पीड पोस्टने ३५ किलोपर्यंतचं पार्सल पाठवता येतं.

पुस्तकं पाठवायची असतील तर?

पुस्तकांसाठी टपाल खात्यात वेगळी, बरीच स्वस्त सोय आहे आणि ती अनेकांना माहीत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये छापील पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची सेवा बंद झाली, तेव्हा छोटे प्रकाशक आणि वाचक दोघेही अडचणीत आले होते. त्यानंतर १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही नवी सेवा सुरू झाली.

यात ३०० ग्रॅमपर्यंतचं पुस्तकाचं पाकीट २० रुपयांत जातं आणि ५ किलोपर्यंतचं जास्तीत जास्त १०० रुपयांत. कर वेगळा. पार्सल रस्ता किंवा रेल्वेने जात असल्याने थोडा वेळ लागतो, पण त्याचा माग काढता येतो.

अर्थात अटी आहेत. पाकिटात शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक स्वरूपाची छापील पुस्तकं असावी लागतात. त्यावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं. व्यावसायिक प्रकाशनं आणि जाहिराती असलेला मजकूर यात चालत नाही. त्यामुळे अभ्यासाची जुनी पुस्तकं गावाकडच्या भावंडांना पाठवायला ही सेवा उत्तम, पण जाहिरातींनी भरलेला दिवाळी अंक यात बसणं कठीण.

खासगी कुरिअर कधी परवडतं?

खासगी कुरिअरचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक म्हणजे दुकानात जाऊन पार्सल देण्याचा. अशी दुकानं बहुतेक वेळा फ्रँचायझी असतात, म्हणजे कंपनीचं नाव वापरून स्थानिक माणूस ती चालवतो. इथे घासाघीस होऊ शकते. महिन्याला पंचवीस-तीस पार्सलं नक्की देणार असाल तर ठरलेला मासिक दर मागता येतो. एकटं जमत नसेल तर शेजारच्या दोन-तीन विक्रेत्यांनी मिळून एकाच दुकानात पार्सलं देण्याचा मार्गही खुला असतो.

दुसरा प्रकार शिपरॉकेटसारख्या ॲग्रिगेटर कंपन्यांचा. यांच्या स्वतःच्या गाड्या धावत नाहीत. त्या अनेक कुरिअर कंपन्यांकडून एकगठ्ठा दर मिळवतात आणि ते छोट्या विक्रेत्यांना देतात. पिनकोड, वजन आणि माप टाकलं की वेगवेगळ्या कंपन्यांचे दर एकाच जागी दिसतात आणि पार्सल घरून उचललं जातं. रोज दोन-चार ऑर्डर जाणाऱ्या घरगुती व्यवसायाला हे सोयीचं पडतं.

मात्र इथे आधी वॉलेटमध्ये पैसे भरावे लागतात. आणि पार्सल गोदामात पोहोचल्यावर त्याचं वजन-माप पुन्हा होतं. विक्रेत्याने अर्धा किलो लिहिलं आणि मशिनने एक किलो दाखवलं, तर फरकाचे पैसे वॉलेटमधून वजा होतात. यावर हरकत घेता येते, पण त्यासाठी पुरावा लागतो. म्हणून पार्सल काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा आणि शेजारी मापपट्टी ठेवून एक असे दोन फोटो प्रत्येक वेळी काढून ठेवावेत.

खेड्यापाड्यांचा प्रश्न आला की मात्र गणित बदलतं. देशात १ लाख ६४ हजारांहून अधिक टपाल कार्यालयं आहेत आणि त्यातली बहुसंख्य ग्रामीण भागात आहेत. खासगी कंपन्या दूरच्या पिनकोडला जादा आकार लावतात किंवा तालुक्याच्या ठिकाणी येऊन पार्सल घेऊन जा असं सांगतात. पोस्टमन मात्र वाडी-वस्तीवर जातो. त्यामुळे शहरात खासगी आणि गावाकडे टपाल अशी विभागणी अनेक विक्रेत्यांना परवडते.

वजन जास्त असेल तर एसटी, रेल्वे की ट्रान्सपोर्ट?

गावाहून तांदळाचं पोतं आणायचं असेल किंवा दुकानासाठी कपड्यांचा गठ्ठा पाठवायचा असेल, तर कुरिअरचा किलोमागचा दर परवडत नाही. तेव्हा हे तीन पर्याय बघावेत.

एसटी पार्सल: मोठ्या एसटी स्थानकांवर पार्सल स्वीकारलं जातं आणि ते प्रवासी गाडीतून जातं. राज्यातल्या तालुक्याच्या गावांसाठी ही सोय उपयोगी पडते. पार्सल घरी येत नाही, समोरच्या माणसाला स्थानकावर जाऊन ते घ्यावं लागतं. आपल्या जवळच्या आगारात ही सोय आहे का आणि गाडी कधी सुटते, हे आधी विचारून घ्यावं. खासगी ट्रॅव्हल्सवालेही रात्रीच्या गाडीतून पार्सल नेतात. पण पावती मिळत नसेल तर मौल्यवान वस्तू त्यांच्याकडे देऊ नये.

रेल्वे पार्सल: या तिन्ही शहरांसाठी सगळ्यात जवळचं मोठं जंक्शन कल्याण. नाशिककडे आणि पुण्याकडे जाणारे मार्ग तिथेच वेगळे होतात. दर वजन, अंतर आणि गाडीच्या प्रकारावर ठरतो. नोकरीनिमित्त शहर बदलणारे अनेक जण दुचाकीही रेल्वेनेच पाठवतात. तिची टाकी पूर्ण रिकामी असावी लागते आणि आरसी बुकची प्रत लागते. सामान पोहोचल्यावर ठरलेल्या मुदतीत उचललं नाही तर विलंबाचा आकार चढत जातो. पाठवण्यात वाचवलेले पैसे इथे जाऊ शकतात.

ट्रान्सपोर्ट: भिवंडी हे गोदामांचं मोठं केंद्र हाकेच्या अंतरावर असल्याने या पट्ट्याला ट्रान्सपोर्टचे पर्याय भरपूर आहेत. माल दिल्यावर बिल्टी मिळते. भाडं पाठवणाऱ्याने भरलं तर 'पेड', घेणाऱ्याने भरायचं असेल तर 'टू पे'. माल गोदामातून स्वतः उचलला तर खर्च कमी, घरपोच हवा असेल तर जास्त. भाड्याशिवाय हमाली आणि बिल्टीचा आकार किती, हे आधीच विचारावं. माल दुसऱ्या राज्यात जात असेल आणि किंमत ५० हजार रुपयांपेक्षा जास्त असेल तर सर्वसाधारणपणे ई-वे बिल लागतं.

आणि अगदी जवळचं असेल तर? उल्हासनगर ते बदलापूर हे रेल्वेने जेमतेम दहा किलोमीटरचं अंतर. एवढ्यासाठी कुरिअर केलं तर पार्सल आधी कंपनीच्या गोदामात जातं आणि मग परत फिरून येतं. तातडीचं असेल तर दुचाकीवरून पोहोचवणाऱ्या ॲपची सेवा घ्यावी. नाहीतर रोज लोकलने ये-जा करणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती देणं अजूनही सगळ्यात स्वस्त.

कॅश ऑन डिलिव्हरी: दर कमी, खर्च जास्त?

पैसे वस्तू मिळाल्यावर देण्याची पद्धत नवी नाही. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्येच व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केलं होतं. 'व्ही.पी.ने पुस्तक मागवणं' हा शब्दप्रयोग मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना ओळखीचा आहे. आणि व्ही.पी. सोडवून न घेता परत पाठवणारे ग्राहक तेव्हाही होते.

आज तोच प्रश्न ऑनलाइन विक्रेत्यांना छळतो. ग्राहकाने पार्सल नाकारलं किंवा तो घरी सापडला नाही, तर पार्सल परत येतं. खासगी कंपन्यांमध्ये साधारणपणे जाण्याचेही पैसे लागतात आणि परत येण्याचेही. विक्रेत्यांच्या भाषेत याला 'आरटीओ' म्हणतात.

दोन काल्पनिक कंपन्यांचं गणित करून बघू. दोन्हीकडे १०० पार्सलं दिली आणि परतीचा दर जाण्याच्या दराइतकाच आहे असं समजा.

- पहिली कंपनी: दर ६० रुपये, २० पार्सलं परत आली. पोहोचलेल्या ८० पार्सलांचे ४,८०० रुपये. परत आलेल्या २० चे जाऊन-येऊन २,४०० रुपये. एकूण ७,२०० रुपये. म्हणजे पोहोचलेल्या प्रत्येक पार्सलमागे ९० रुपये.
- दुसरी कंपनी: दर ७५ रुपये, ५ पार्सलं परत आली. पोहोचलेल्या ९५ चे ७,१२५ रुपये, परत आलेल्या ५ चे ७५० रुपये. एकूण ७,८७५ रुपये. म्हणजे पोहोचलेल्या प्रत्येक पार्सलमागे जवळपास ८३ रुपये.

काउंटरवर १५ रुपयांनी महाग वाटणारी कंपनी प्रत्यक्षात ७ रुपयांनी स्वस्त पडली. शिवाय पंधरा ग्राहक जास्त मिळाले, ते वेगळंच. म्हणूनच पाठवलेल्या पार्सलचा दर न बघता पोहोचलेल्या पार्सलचा खर्च बघायला हवा. रोज पार्सलं पाठवणाऱ्याने महिन्यातून एकदा हा हिशोब वहीत मांडला तरी कोणती कंपनी खरंच परवडते ते कळतं.

परतीचं प्रमाण कमी करण्याचे मार्गही साधे आहेत. ऑर्डर आल्यावर फोन किंवा व्हॉट्सॲपवरून पत्ता पक्का करून घ्यायचा. आगाऊ पैसे देणाऱ्याला थोडी सवलत द्यायची. कॅश ऑन डिलिव्हरीसाठी निदान जाण्या-येण्याच्या खर्चाइतकी रक्कम आधी घ्यायची.

पत्ता नीट लिहिणं हीसुद्धा बचत

उल्हासनगरमध्ये पत्त्याचा प्रश्न जरा जास्तच गुंतागुंतीचा आहे आणि त्याचं कारण शहराच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच छावणीच्या बराकींमध्ये आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. छावणी गेली, पण पत्ते राहिले. आजही इथला पत्ता रस्त्याच्या नावाने कमी आणि कॅम्प, सेक्शन, बॅरेक नंबर, रूम नंबर यांनी जास्त सांगितला जातो. यातला एक आकडा सुटला तरी डिलिव्हरी बॉय चुकीच्या गल्लीत शिरतो.

पिनकोडही कॅम्पनुसार बदलतो. ढोबळमानाने कॅम्प १ ते ५ साठी ४२१००१ ते ४२१००५ असे पिनकोड आहेत. अंबरनाथचा ४२१५०१ आणि बदलापूरचा ४२१५०३. नुसतं 'उल्हासनगर' लिहून अंदाजाने पिनकोड टाकला, तर पार्सल दुसऱ्याच टपाल कार्यालयात जाऊन एखादा दिवस वाया जातो.

विशेष म्हणजे ही पिनकोड पद्धत एका मराठी माणसाने घडवली. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिपीतले पत्ते यांमुळे होणारा गोंधळ टाळणं हाच तिचा हेतू होता. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने त्यापुढचं पाऊल म्हणून 'डिजिपिन' आणला. यात देशाच्या नकाशाची सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत विभागणी करून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा कोड दिला आहे. पण तो पत्त्याची जागा घेत नाही, पत्त्याला जोड देतो. पार्सलवर पूर्ण पत्ता, पिनकोड, ओळखीची खूण आणि चालू मोबाइल नंबर हवाच. पाठवणाऱ्याचा पत्ताही तितकाच स्पष्ट हवा.

पावसाळ्यात पॅकिंगवर पैसे वाचवू नका

जुना खोका पुन्हा वापरायला हरकत नाही. फक्त त्यावरचं आधीचं लेबल आणि बारकोड पूर्ण काढून टाकावा, नाहीतर मशिन जुनाच कोड वाचतं. काचेची किंवा प्लॅस्टिकची बाटली असेल तर झाकणावर चिकटपट्टी, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि मग खोका, असे थर करावेत.

पावसाळ्यात मात्र आतून प्लॅस्टिकचं आवरण हवंच. उल्हास नदीकाठच्या या पट्ट्यात पाऊस किती अडवतो हे २७ जुलै २०१९ रोजी सगळ्या देशाने पाहिलं, जेव्हा महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती. रेल्वे आणि रस्ते तुंबले की पार्सलं गोदामात दिवस काढतात. तेव्हा ओलाव्याने भिजलेलं आणि परत आलेलं पार्सल दहा रुपयांच्या प्लॅस्टिकपेक्षा बरंच महाग पडतं.

पॉवर बँक, सुट्या लिथियम बॅटऱ्या, अत्तर, डिओडरंट यांवर हवाई वाहतुकीत बंधनं असतात. रोख रक्कम पार्सलमध्ये घालू नये. वस्तूचं खरं वर्णन लिहावं. चुकीचं लिहिलं आणि पार्सल अडकलं तर भरपाईही मिळत नाही.

परदेशात पाठवायचं असेल तर?

उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांचे नातेवाईक जगभर आहेत आणि बदलापूर-अंबरनाथच्या अनेक मराठी घरांतली मुलंही परदेशात शिकतात किंवा काम करतात. दिवाळीचा फराळ पाठवताना खासगी कंपन्यांचे दर आणि टपाल खात्याचा दर दोन्ही तपासावेत. वजन जास्त असेल तर खासगी कंपन्या किलोमागचा दर कमी करतात. पाठवणाऱ्याचं ओळखपत्र आणि वस्तूंची यादी लागते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत खाद्यपदार्थांचे नियम कडक आहेत, त्यामुळे आधी तिथले नियम बघावेत.

नियम किती पटकन बदलतात याचं उदाहरण अमेरिकेचं. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरची शुल्कमाफी अमेरिकेने रद्द केल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिथली बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. १५ ऑक्टोबर २०२५ पासून सेवा पुन्हा सुरू झाली, पण शुल्क भारतातच आगाऊ भरण्याच्या पद्धतीने. म्हणून फराळ तळायला घेण्याआधी पोस्टात एकदा विचारलेलं बरं.

परदेशात माल विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकांसाठी टपाल खात्याची 'डाकघर निर्यात केंद्रं' आहेत. तिथे निर्यातीची कागदपत्रं ऑनलाइन भरता येतात आणि दोन किलोपर्यंतच्या हलक्या पाकिटांसाठी वेगळी, माग काढता येणारी सेवाही आहे.

पार्सल हरवलं किंवा संशयास्पद मेसेज आला तर?

पावती जपून ठेवा. स्पीड पोस्टच्या पावतीवर १३ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ अंक आणि शेवटी 'आयएन'. त्यावरून पार्सल कुठे आहे ते कळतं. टपाल खात्याचा मोफत मदत क्रमांक १८०० २६६ ६८६८ आहे. खासगी कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. भरपाईला मात्र मर्यादा असते. ती पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली असते. वस्तू महाग असेल तर विमा वेगळा काढावा.

'तुमचा पत्ता अपूर्ण आहे, पार्सल थांबवलंय, या लिंकवर क्लिक करा' असे टपाल खात्याच्या नावाने येणारे मेसेज फसवे असतात. असा मेसेज आला तर लिंक न उघडता पावतीवरचा क्रमांक अधिकृत संकेतस्थळावर टाकून बघावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

थोडक्यात, कोणत्या पार्सलला कोणता मार्ग?

- कागदपत्रं: स्पीड पोस्ट. महत्त्वाची असतील तर नोंदणीसह.
- पुस्तकं: ज्ञान पोस्ट.
- एक-दोन किलोपर्यंत कपडे किंवा छोट्या वस्तू, शहरात: सरफेस कुरिअर किंवा ॲग्रिगेटर, तेही कुरिअर बॅगेत.
- तीच वस्तू गावाकडे: टपाल खात्याचं पार्सल.
- दहा किलोच्या पुढे, राज्यात: एसटी पार्सल किंवा ट्रान्सपोर्ट.
- खूप वजन आणि लांबचं अंतर: रेल्वे किंवा ट्रान्सपोर्ट.
- शेजारच्या शहरात आजच्या आज: दुचाकी ॲप किंवा लोकलने जाणारा ओळखीचा माणूस.

दर दरवर्षी, कधी कधी दर महिन्यालाही बदलतात. पण काटा, मापपट्टी आणि पूर्ण पत्ता या तीन गोष्टी हाताशी असल्या तर दर कोणताही असो, त्यातला विनाकारण जाणारा भाग वाचवता येतो.